वेळ संपल्यावरचा निवाडा

श्रावणात गोव्यातल्या मांद्र्याला कोणी जात नाही. समुद्र खवळलेला असतो, किनाऱ्यावरचे शॅक मोडून त्यांचे बांबू बांधून ठेवलेले असतात आणि भाड्याच्या स्कूटरींवर ताडपत्र्या ओढलेल्या असतात. नेमक्या त्याच दिवसांत आम्ही चाळीस-पन्नास माणसं पुठ्ठ्याचे डबे काखोटीला मारून तिथल्या एका गेस्टहाऊसात जमतो आणि शनिवार-रविवार लढाया खेळतो. मोठ्या कागदी नकाशावर सहा कोनांची घरं छापलेली असतात. त्या घरांवर नखाएवढ्या चौकोनी सोंगट्या सरकवायच्या. ही पलटण, तो तोफखाना, ही रसदीची गाडी. आमनेसामने आलं की फासे टाकायचे. एक डाव चार तास चालतो, आणि चार तासांनंतरही पुष्कळदा लढाई संपलेली नसते. ज्यांना हे ऐकूनच जांभई आली त्यांचं काही चुकलं नाही. माझ्या आईला अजून वाटतं की मी तिथे कॅरमच्या स्पर्धा घेते.

या संमेलनाला अध्यक्ष नाही, हारतुरे नाहीत, कुणी भाषण करत नाही. त्यामुळे ते वेळेवर सुरू होतं. संमेलनात इतरही खेळ असतात, पण लढायांची स्पर्धा माझ्याकडे. मी साखळीला शाळेत गणित शिकवते आणि शाळेत मला मागून काय म्हणतात ते मला ठाऊक आहे. तोच काटेकोर स्वभाव इथे उपयोगी पडतो. कोणाची कोणाशी जोडी, कोणतं मेज कुठे, कोणता नियम कसा वाचायचा, हे सगळं मी बघते. शिवाय पंखे बंद ठेवते. पंखा लावला की सोंगट्या उडतात, आणि एकदा उडालेली पलटण नेमकी कुठल्या घरात होती यावर दोन शहाणीसुरती माणसं अर्धा तास हमरीतुमरीवर येतात. म्हणून सगळे घामाने निथळत खेळतात आणि मला शिव्या देतात. दमट हवेने पुठ्ठा फुगतो, सोंगट्यांच्या कडा वर येतात, म्हणून प्रत्येक डब्यात तांदळाची पुरचुंडी ठेवायची असते. हे कुठल्याही नियमपुस्तकात लिहिलेलं नाही.

पहिल्या वर्षी आमच्याकडून एक घोटाळा झाला. तारीख ठरवणारे आम्ही सगळे पेडण्या-डिचोलीचे. चवथीनंतर, म्हणजे गणपतीनंतर, कोणाला सवड नसते आणि पुढे पर्यटकांचा हंगाम सुरू होतो, म्हणून चवथीच्या आधीचा शनिवार-रविवार धरला. श्रावण आहे म्हणून जेवण शिवराक सांगितलं, म्हणजे बिनमासळीचं. यात सांगण्यासारखं काही आहे हे आमच्या डोक्यातही आलं नाही. पुण्या-बंगळुरूहून रात्रभर प्रवास करून आलेली माणसं दुपारी ताटावर बसली. समोर भात, मुगागाठी, अळूचं तोणाक. एकाने अगदी हळू आवाजात विचारलं, "मासे नंतर येतात का?" स्वयंपाकी म्हणाला, "येतले, चवथ जाल्या उपरांत." त्या दिवशी दुपारच्या फेरीत पाहुण्यांनी आम्हा गोंयकारांना नकाशावर अक्षरशः कापून काढलं. पुढच्या वर्षापासून निमंत्रणात जेवणाबद्दल एक ओळ असते.

आता निवाड्याबद्दल सांगायला हवं, कारण सगळं त्यावरच आहे. चार तास झाले की मी घंटा वाजवते. ज्यांची लढाई अर्धवट राहिली त्यांच्या मेजावर जाते, नकाशा बघते आणि सांगते की हा डाव पुढे चालला असता तर कोण जिंकलं असतं. रसद कुठे तुटते आहे, कुठला पूल किती वेळ टिकेल, हे डोक्यात चालवायचं आणि एक नाव घ्यायचं. त्यावर अपील नाही. हे काम मला आवडतं आणि मी ते चांगलं करते. उगाच नम्रपणा कशाला?

या स्पर्धेत माझे सासरे खेळतात.

बाबांनी उमेदीची सगळी वर्षं खनिजाच्या बार्जवर घालवली. डिचोलीच्या बाजूने खनिज भरायचं, नदीने खाली जायचं आणि मुरगावच्या बंदरात बोटीला द्यायचं. खाणी बंद पडल्या तशी बार्ज धक्क्याला लागली ती लागलीच. मग सासूबाई गेल्या. बाबा बलकांवावरच्या, म्हणजे दारापुढच्या ओसरीवरच्या, खुर्चीत बसून रस्त्याकडे बघत राहायचे, आणि आमच्या रस्त्यावर बघण्यासारखं काही नाही. मला ते बघवेना. माळ्यावर माझ्या नवऱ्याचे कॉलेजच्या वेळचे खेळांचे डबे होते, त्यातला एक खाली काढला आणि बलकांवावरच्या मेजावर नकाशा पसरला. मी स्वतः लग्नानंतर नवऱ्याकडूनच शिकले होते. पुढे त्याचा नाद सुटला आणि मला लागला.

बाबांनी नकाशा बराच वेळ बघितला. त्यात एक नदी होती, सहा पूल होते. ते म्हणाले, "हो पूल घेतलो तर पलतडचे खातले कितें?" पलीकडचे खाणार काय, असं विचारत होते. ज्या माणसाला पहिल्या दिवशी रसद दिसते त्याला बाकीचं शिकवावं लागत नाही. वर्षभरात ते मला हरवू लागले.

खरं तर याच डब्यांपायी ते मुलाला एके काळी खूप बोलले होते. कागदावरचे शिपाई सरकवून पोट भरणार आहे का, एकदा बार्जवर येऊन बघ जग कसं चालतं, असं बरंच काही. नवऱ्याने हे मला सांगितलं होतं, हसत, पण विसरला नव्हता. तो बार्जवर गेला नाही. वास्कोला बंदरात नोकरीला लागला, तिथेच खोली घेतली आणि एक आड एक आठवड्याला घरी येऊ लागला. बापलेकांचं भांडण नव्हतं. भांडण असतं तर सोडवता आलं असतं. सासूबाई होत्या तेव्हा दोघं त्यांच्याशी बोलायचे आणि त्या दोघांशी. त्या गेल्यावर मधला दुवाच गेला. मग ती नोकरी माझ्याकडे आली. "बाबांना सांग गॅसचा माणूस येणार आहे." "ताका सांग, नळ गळटा." दोघं एकाच मेजावर जेवत असताना हे चालायचं. मी पहिल्यांदा चिडले, मग सवय झाली, आणि सवय झाली याचंच पुढे जास्त वाईट वाटू लागलं.

बाबा स्पर्धेत उतरायला लागले तेव्हा मी एक नियम केला. त्यांच्या मेजाचा निवाडा मी करायचा नाही, माझा जोडीदार पंच करेल. तो पेडण्याचा, औषधांचं दुकान चालवणारा, शांत माणूस. बाबांचे डाव तसे निवाड्यापर्यंत जायचेच, कारण ते फार सावकाश खेळत. बार्जवाल्याला भरतीची वाट बघत तासन् तास बसायची सवय असते, हे कारण मी सगळ्यांना द्यायची आणि सगळ्यांना ते पटायचं.

गेल्या वर्षी बाबा शनिवारी सकाळची फेरी जिंकून उपांत्य फेरीत गेले. ती दुपारी, जेवण झाल्यावर. समोर बेळगावचा एक फाउंड्रीवाला, तगडा खेळाडू, बोलायला अगदी गोड. मी जेवणाच्या आधी नवऱ्याला फोन केला. म्हटलं, बाबा उपांत्य फेरीत आहेत, तू एकदा तरी येऊन बघ. तो म्हणाला की पाळी संपली की निघतो, डाव चालू असताना पोचेन. मी हे बाबांना सांगितलं तेव्हा ते हात धूत होते. "बरें," एवढंच म्हणाले. पण जेवून उठल्यावर त्यांनी शर्ट बदलला. पिशवीत दुसरा इस्त्रीचा शर्ट होता हे मला माहीतच नव्हतं.

डाव सुरू झाला आणि पहिल्या दोन तासांत बाबांनी बेळगावकराची पार कोंडी केली. त्याचे दोन पूल गेले, तिसऱ्यावर तो कसाबसा उभा होता. मी दुसऱ्या मेजांवरून येता-जाता बघत होते. आणखी एक जोराचा धक्का दिला की काम झालं, असं स्पष्ट दिसत होतं. बाबांनी तो धक्का दिला नाही. त्यांनी एक सोंगटी उचलली, खाली ठेवली, पुन्हा उचलली. चष्मा काढून पुसला. पाणी मागितलं. बेळगावकर सभ्य माणूस, काही बोलला नाही, पण त्याने त्या वेळात आपली मागची फळी नीट लावून घेतली. पुढच्या तासातही तेच. मी मनात म्हटलं, बाबा, ही काय भरतीची वाट बघताय? खेळाडूशी डाव चालू असताना बोलायचं नाही हा माझाच नियम, म्हणून तोंड मिटून राहिले. मधूनमधून ते दाराकडे बघत होते. उकडत होतं, दाराकडून वारा येत होता, सगळेच बघत होते.

मग माझा जोडीदार पंच माझ्याजवळ आला. त्याच्या दुकानात पाणी शिरलं होतं, शेजाऱ्याचा फोन आला होता आणि त्याला तडक जायचं होतं. त्याला थांब कसं म्हणणार? तो गेला आणि थोड्या वेळाने मी घंटा वाजवली. एकच डाव अर्धवट होता.

मी बेळगावकराला बाजूला घेऊन सांगितलं की समोरचे माझे सासरे आहेत, तुम्हाला नको असेल तर आपण दुसरा कोणी बघू. तो म्हणाला, "मॅडम, तुम्ही सांगा की. माझी काय हरकत नाही बघा." तो नाही म्हणाला असता तर फार बरं झालं असतं.

मी मेजाजवळ उभी राहिले. बाबा आणि बेळगावकर दोघेही खुर्ची मागे सारून बसले होते. भोवती दहा-बारा माणसं. आमच्या घरात सून सासऱ्याला चारचौघांत तुम्ही चुकलात असं म्हणत नाही. नंतर आत जाऊन नवऱ्याला म्हणते. इथे आत जायला जागा नव्हती. मी नकाशा बघितला. मला हवं होतं की बाबा जिंकलेले असावेत. अंतिम फेरी रविवारी होती, ते पोचले असते तर नवरा रात्री इथेच राहिला असता आणि सकाळी बापाला खेळताना बघितलं असतं. मी दोनदा रसदीची वाट मोजली. बाबांच्या पुढे गेलेल्या पलटणींना मागून काही पोचत नव्हतं. शेवटच्या तासात बेळगावकराने तो रस्ता गुपचूप कापला होता. बाबांसारख्या माणसाला हे दिसलं नाही यावर माझा विश्वास बसेना, पण नकाशावर होतं ते होतं.

मी बेळगावकराचं नाव घेतलं.

बाबांनी मान हलवली, हात पुढे केला, तो त्याने दोन्ही हातांनी धरला. मग बाबा उठून बाहेर व्हरांड्यात जाऊन बसले. बाकीच्यांनी माझं कौतुक केलं, खरा पंच वगैरे. मला ते अजिबात नको होतं.

नवऱ्याचा फोन त्यानंतर आला. पाळीवर दुसरा माणूस आलाच नाही, त्याला जोडून दुसरी पाळी करावी लागते आहे, मघापासून फोन लावतोय पण लागत नाही. खोटं बोलत नव्हता. मी म्हटलं, बाबा हरले. तो म्हणाला, "हरले? बरं. मग उद्या येऊन काय करू?" मी फोन ठेवला.

बाहेर गेले. पाऊस थांबला होता आणि स्वयंपाकी पायरीवर बसून चवळी निवडत होता. मी बाबांच्या शेजारच्या खुर्चीत बसले आणि सांगितलं की त्याला पाळी पडली, येत नाही. ते चवळी निवडणाऱ्या हातांकडे बघत राहिले. मग माझा धीर सुटला. मी चिडून विचारलं, शाळेत विचारते तसंच, की जेवणानंतर दोन तासांत डाव तुमच्या हातात होता, तेव्हाच का नाही संपवला? इतका वेळ कशाची वाट बघत होता?

"तो येतलो म्हणून तुवेंच सांगिल्लें न्हय?" ते म्हणाले. "म्हणून रावलों."

आमच्याकडे थांबण्याला रावप म्हणतात. पण त्यांना काय म्हणायचंय ते मला पटकन कळलं नाही. ते पुढे म्हणाले, "माका खेळताना ताणें केन्नाच पळोवंक ना. डाव सोंपलो जाल्यार कितें पळयतलो? खुर्चेर बसल्ल्या म्हाताऱ्याक?" मुलाने त्यांना खेळताना कधी पाहिलं नव्हतं. तो येईल तेव्हा आपण त्या मेजावर बसलेले असावं, हातात सोंगटी असावी, एवढंच त्यांना हवं होतं. रस्ता कापला जातोय हे त्यांना दिसलं होतं. तरी त्यांनी धक्का दिला नाही, कारण धक्का दिला असता तर डाव संपला असता.

मी निवाडा बरोबर दिला होता. आजही तो नकाशा समोर ठेवला तर तोच देईन. पण त्या संध्याकाळी मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. बाबा अवघडले. स्वयंपाकी सुपातली चवळी तशीच उचलून आत गेला. थोड्या वेळाने बाबा म्हणाले, "ताका सांगूं नाका." मी मान हलवली.

आणि सांगितलं नाही. सांगायचं अगदी ओठावर यायचं. नवरा घरी आला की जेवताना म्हणायचा, बाबांना सांग पंप दुरुस्त झाला, आणि मला वाटायचं की ताट आपटून सगळं सांगावं. पण बाबांना शब्द दिला होता. त्या वर्षी मी घरात बरीच भांडी आपटली.

या वर्षी बाबा पुन्हा उतरले. मला वाटलं नव्हतं. आणि पहिल्याच फेरीत सगळ्यांनी तोंडात बोटं घातली, कारण ते भराभर खेळत होते. सोंगटी उचलली की ठेवली, फासे टाकले, पुढचं. समोरचा विचार करत असला तर बोटांनी मेजावर ताल धरायचे. एकही डाव घंटेपर्यंत गेला नाही. लोक मला म्हणाले, म्हाताऱ्याने भलतीच तयारी केली आहे हो. मी हो म्हटलं. मला ते बघून बरं वाटत नव्हतं. वर्षभर बलकांवावर माझ्याशी खेळताना ते पूर्वीइतकेच सावकाश होते.

शनिवारी संध्याकाळी ते अंतिम फेरीत पोचले. मी नवऱ्याला फोन केला, पण या वेळी गळ घातली नाही. फक्त सांगितलं, उद्या सकाळी साडेनऊला अंतिम डाव आहे. तो म्हणाला, अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकतो, दुपारी एकपर्यंत नक्की येतो. मी बाबांना तसंच सांगितलं. ते अंथरूण घालत होते. या वेळी "बरें" सुद्धा म्हणाले नाहीत.

रविवारी समोर पुन्हा तोच बेळगावकर. माझा जोडीदार पंच मेजाजवळ खुर्ची टाकून बसला होता, मी लांब उभी होते. बाबा अंगात रोजचाच शर्ट घालून बसले होते. त्यांनी दाराकडे पाठ होईल अशी बाजू मागून घेतली. डाव पूर्ण तीन तासही चालला नाही. गेल्या वर्षी ज्या ठिकाणी ते थबकले होते तशीच जागा आली, समोरचा शेवटच्या पुलावर, आणि बाबांनी आपल्याकडचं होतं नव्हतं ते सगळं त्या पुलावर घातलं आणि फासे टाकले. बेळगावकराने नकाशा बघितला, हसला आणि आपल्या सोंगट्या गोळा करायला लागला. टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या. मग सगळे जेवायला गेले.

आम्ही मेज आवरत होतो, बाबा सोंगट्या रंगांनुसार पुड्यांत भरत होते, तेव्हा नवरा आला. मी घड्याळ बघितलं. एकसुद्धा वाजला नव्हता. तो वास्कोहून सकाळीच निघाला असणार, बरीच घाई केली असणार, पँट गुडघ्यापर्यंत भिजली होती. रिकाम्या मेजाकडे, मग बापाकडे बघत तो दारातच उभा राहिला.

"कितें जालें?" त्याने विचारलं. माझ्याकडे न बघता, सरळ बाबांना.

"जिखलों," बाबा म्हणाले.

"थोडें रावपाचें आशिल्लें, बाबा. हांव येतालों न्हय?"

बाबांनी हातातली पुडी बंद केली, डब्यात ठेवली आणि दुसरी उघडली.

"गेल्या वर्सा रावल्लों," ते म्हणाले.

नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. मी नकाशाची घडी घालत राहिले. तो नकाशा आज काही केल्या नीट दुमडत नव्हता. नवरा हळूहळू आत आला, बेळगावकराची खुर्ची ओढली आणि बापासमोर बसला. त्याने उरलेल्या सोंगट्या रंगांनुसार वेगळ्या करायला घेतल्या, आणि मी मध्ये पडले नाही.